पूर्वरेखाटन (संकल्पनात्मक कला)

चित्र, भित्तिचित्र किंवा मांडणी प्रत्यक्ष करण्याआधी कागदावर केलेले रेखाटन. आराखडा, खाका, कच्चे चित्र हे शब्द त्याच्या आसपासचे; मात्र आराखड्यात मोजमाप अपेक्षित असते, खाक्यात केवळ ठेवण.

‘खाका’ हा शब्द फार्सी ‘खाक’ (धूळ) यावरून आल्याचे सामान्यतः मानले जाते, आणि तंत्र पाहता ते पटण्यासारखे आहे. लघुचित्रकार मूळ रेखाटनाच्या रेषांवर सुईने भोके पाडीत आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटीत. खालच्या कागदावर ठिपक्यांची रेष उठे. इटालियन भित्तिचित्रकारही पंधराव्या शतकात हेच करीत. दोन्हीकडे ही रीत स्वतंत्रपणे सुचली असणे अधिक संभाव्य वाटते. उदबत्तीच्या निखाऱ्याने भोके पाडलेला रांगोळीचा ठिपक्यांचा कागदही त्याच जातीचा, पण त्याची दखल कलेतिहासाने क्वचितच घेतली.

एरवी काम संपले की पूर्वरेखाटनाचे प्रयोजन संपते. घडलेल्या वस्तूपेक्षा कल्पनेलाच कलाकृती मानणाऱ्या संकल्पनात्मक कलेने हा क्रम उलटा केला. अमेरिकन कलाकार सोल लविट याने जून १९६७ मधील लेखात कल्पनेला कलाकृती घडवणारे यंत्र म्हटले आणि खरडी, रेखाटने, फसलेली कामे यांनाही तयार वस्तूइतकेच लक्ष देण्याजोगे ठरवले. त्याची भित्तिरेखाटने सहायक काढीत. घेणाऱ्याच्या हाती पडे ते प्रमाणपत्र आणि आकृती.

पूर्वरेखाटन कुठे संपते आणि कृती कुठे सुरू होते हा प्रश्न समूहाच्या कामात आणखी गुंततो, कारण रेष कोणाच्या हातची हेच महत्त्वाचे राहत नाही. ‘आर्ट अँड लँग्वेज’ हा इंग्लंडमधील समूह टेरी ॲटकिन्सन, डेव्हिड बेनब्रिज, मायकेल बाल्डविन आणि हॅरॉल्ड हरेल यांनी स्थापला. स्थापनेचे वर्ष १९६७ किंवा १९६८ असे दिले जाते. नाव रीतसर घेतल्याचे वर्ष म्हणून १९६८ अधिक ग्राह्य आहे, मात्र ॲटकिन्सन व बाल्डविन यांचे एकत्र काम त्याआधीचे. या दोघांच्या १९६७ च्या एका छापील नकाशात आयोवा आणि केंटकी या दोनच राज्यांच्या सीमा दिसतात. खाली, जे दाखवलेले नाही त्या प्रदेशांची लांबलचक यादी. याला पूर्वरेखाटन म्हणावे की पूर्ण कृती? पुढे काही घडवायचेच नसल्यामुळे दुसरा पर्याय सरस ठरतो. १९७२ साली जर्मनीतील कासेलच्या पाचव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात समूहाने फायलींची आठ कपाटे मांडली व लेखांचे परस्परसंबंध भिंतीवर तक्त्यांत चिकटवले. तिथे आराखडाच दालनभर पसरला होता.

ठाण्यात गुढीपाडव्याच्या सुमारास गावदेवी मैदानावर निघणाऱ्या मोठ्या रांगोळ्या संकल्पनात्मक कलेत मोडत नाहीत, पण समूहाच्या पूर्वरेखाटनाचे जवळचे उदाहरण म्हणून त्या पाहाव्यात. अशा कामात छोट्या चित्रावर चौकटी आखतात, मग खडूची पूड लावलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची: सूत मारले की जमिनीवर पांढरी रेष उमटते. एकेका चौकटीची जबाबदारी एकेकाकडे. चौकटींचा कागद तोवर हातोहात फिरून घडीवर फाटतो, कडेला गुलालाचे बोट उमटलेले असते. रांगोळीचा फोटो निघतो, कागदाचा नाही.