स्प्रिंग दबते तेव्हा तार पिळली जाते

"मेस्त, दीड राउंड काढा, गाडी मस्त बसेल. वळणावर चिकटून जाईल." म्हापशाच्या एका गॅरेजात परवा हे ऐकलं. म्हणजे मेस्त्रीने गाडीच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापायचे. गाडी जितकी खाली आणि स्प्रिंग जितकी कडक तितकी पकड जास्त, हा समज पेडण्यापासून काणकोणापर्यंत पक्का आहे. म्हणून आधी स्प्रिंगच्या पोटात काय चालतं ते बघू.

जितकं दाबाल तितक्या प्रमाणात उलट जोर, हा रॉबर्ट हूकचा १६७८ सालचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. शाळेत सहसा न सांगितलेली गंमत पुढेच आहे. वेटोळ्याची स्प्रिंग दाबली की तिची तार वाकते असं वाटतं. प्रत्यक्षात ओला टॉवेल पिळावा तशी ती स्वतःच्याच अक्षाभोवती पिळली जाते. गाडीचा सगळा भार या पिळावर तोललेला असतो.

पिळाला विरोध करायची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढते. १२ मिमीच्या जागी १३ मिमीची तार घेतली, बाकी काही बदललं नाही, तरी स्प्रिंग ३८ टक्के कडक! वेढ्याचा व्यास वाढला तर कडकपणा त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतो आणि वेढे कमी झाले की त्याच प्रमाणात वाढतो. काम करणाऱ्या सहा वेढ्यांतला दीड कापला, तर उरलेल्या साडेचार वेढ्यांची स्प्रिंग सव्वापटीहून जास्त, नेमकं सांगायचं तर १.३३ पट कडक होते. म्हणजे कापल्याने गाडी कडक होते हे खरंच. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, गतिरोधकावरून चाक खाली लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते, आणि गॅसकटर लावला असेल तर पोलादाला दिलेलं पाणीही, म्हणजे तापवून-थंडावून आणलेला कणखरपणाही, उतरतो.

मग कडक किती हवी? याचं उत्तर किलोत शोधू नये, हेलकाव्यांत शोधावं. एका चाकावर स्प्रिंगने उचललेलं वजन ३०० किलो आणि चाकापाशी मोजलेला रेट, म्हणजे एक मिलिमीटर दबायला लागणारा भार, २ किलो धरा. नुसत्या वजनाने स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबते. आता ५ या ठरलेल्या आकड्याला सेंटिमीटरमधल्या या १५ च्या वर्गमुळाने भागा: सुमारे १.३. सेकंदाला इतके हेलकावे ही त्या कोपऱ्याची स्वाभाविक चाल. वजन वेगळं, रेट वेगळा, पण दबणं तेवढंच असेल तर चाल तीच. मला हे सूत्र फार आवडतं. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ च्या आसपास असतात, रस्त्यावरच्या चपळ गाड्या १.५ ते २ मध्ये. रेट दुप्पट, म्हणजे ४ किलो केला तरी चाल १.८ वरच जाते, कारण मध्ये वर्गमूळ आहे. ८ किलोवर ती २.५ पार करते, आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर चाक टेकण्यापेक्षा उडतच जास्त राहतं. उडालेल्या टायरला कसली पकड!

अजून एक मेख आहे. चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिमीच दबत असेल, तर चाकापाशी रेट ०.७ चा वर्ग, म्हणजे निम्माच उरतो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीत उतरवता येत नाही.

चोर्ला घाटाच्या वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. ते एकूण किती जाईल हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग कडक केल्याने गाडी कलते कमी, आणि पुढच्या व मागच्या जोडीत त्या वजनाची वाटणी बदलते. खेळ या वाटणीचा आहे: पुढचं टोक जास्त कडक केलं की नाक बाहेर जायला लागतं, मागचं केलं की शेपूट. त्यात मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या दांड्यावर असलेली गाडी फार खाली बसवली, तर रोल सेंटर, म्हणजे वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरतं, आणि गाडी खाली जाऊनही कलायची ओढ वाढू शकते.

त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न 'रेट किती?' हा विचारावा. किती खाली बसेल ते नंतर. खोक्यावर नुसते '३० मिमी लो' आणि लाल रंग असेल तर खोकं परत ठेवावं. शॉकअपही त्या रेटला साजेसा लागतो, रेट दुप्पट तर शॉकअपचा हेलकावे शमवायचा जोर सुमारे १.४ पट, नाहीतर गाडी डुलत राहते. बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीचं वजन हिशेबात धरण्याइतकं नसतं, आणि तिचा दुसरा कुठलाच परिणाम स्प्रिंगवर होत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मात्र रंगाकडे बघावंच, वेगळ्या कारणाने. पिळाचा ताण तारेच्या गाभ्यात शून्य आणि पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, त्यातही वेढ्याच्या आतल्या बाजूला. खडा लागून रंगाचा टवका उडाला, खाऱ्या हवेने तिथे गंजाची खळगी पडली, की तडा तिथूनच सुरू होतो. तांबडी माती साचते तो सर्वांत खालचा वेढा धुऊन, हात फिरवून बघत जा.