एक नोट्रम्प की डबल: एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

ब्रिजच्या टेबलावर उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने एक बदाम म्हटले आहे, म्हणजे बदाम हुकूम धरून तेरापैकी सात हात (फेऱ्या) जिंकायची बोली. आपल्या हातात इस्पिकचे राजा-गुलाम-अठ्ठी-सत्ती, बदामचे एक्का-राणी-तिर्री, चौकटचे राजा-दश्शी-छक्की आणि किलवरचे राणी-गुलाम-पंजी. १६ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). एक नोट्रम्प (हुकूम नसताना सात हात) म्हणायचे की डबल द्यायची? उत्तर आज बऱ्याच टेबलांवर पटकन येते. पण ते तसे का झाले, हे कळायला मागे जावे लागते.

ऑक्शन ब्रिजच्या, म्हणजे आजच्या ब्रिजच्या आधीच्या प्रकाराच्या, सुरुवातीच्या दिवसांत डबलचा अर्थ एकच होता: तुमचे कॉन्ट्रॅक्ट (बोललेले हात) आम्ही पाडणार. एकच्या बोलीला अशी डबल देण्यात फारसे हशील नसे. समोरच्यांना सातच हात करायचे, आणि ते होत नाहीत असे दिसले तर दुसऱ्या रंगात पळायला वाव. या जवळजवळ बिनकामाच्या बोलीला १९१२-१३च्या सुमारास अमेरिकेत नवे काम मिळाले. न्यूयॉर्क आणि सेंट लुइस या दोन शहरांत दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली, असे मानले जाते. हीच टेकआउट डबल. ती भिडूला सांगते: माझा हात चांगला आहे, त्यांचा रंग माझ्याकडे तोकडा आहे. भिडू, तुझा रंग सांग.

एक नोट्रम्पचा मोह तेव्हा वेगळ्या कारणाने होता. सहाच्या वर केलेल्या किलवरच्या प्रत्येक हाताला ६ गुण, चौकटला ७, बदामला ८, इस्पिकला ९ आणि नोट्रम्पला १०. गेम ३० गुणांचा. शिवाय बोली एकची असली तरी केलेले सगळे हात गेममध्ये धरले जात. एक नोट्रम्प बोलून नऊ हात केले की गेम झाला. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावर कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत खेळून पाहिली गेली आणि हे सगळे फिरले. आता जेवढे बोललात तेवढेच गेमसाठी मोजणार. या पेचाचा खरा जन्म मी इथे धरतो. थांबायचे की गेम बोलायचा, हे भिडूला ठरवावे लागते, आणि त्यासाठी आपल्या हाताचे माप हवे. एक नोट्रम्प ते माप एका बोलीत देते. डबल देत नाही. ती १२ पॉइंटलाही असते आणि २१ लाही.

पुढे ४-३-२-१ ची मोजणी रुळली, आणि ओव्हरकॉलच्या (प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवर बोललेल्या) नोट्रम्पला १६ ते १८ ची मर्यादा पडली. नंतर ती १५ ते १८ अशी खाली सरकली. त्याहून जड सपाट हात (चारही रंग साधारण सारखे) असेल तर आधी डबल, मग नोट्रम्प. इथवर फारसे कोणी भांडत नाही.

भांडण आहे ते इस्पिकच्या चार पानांवरून. जुनी शिकवण अशी की बदामवर बोलताना हातात चार इस्पिक असतील तर डबलच द्यावी, नाहीतर इस्पिकमधली चार-चारची जोडी हरवते. ज्या काळात ही शिकवण रुजली, त्या काळात ती बरोबरच होती. एक नोट्रम्पनंतर भिडूला आपले इस्पिक शोधायची सोय नव्हती. १९४० च्या दशकात नोट्रम्पच्या ओपनिंगला (पहिल्या बोलीला) दोन किलवरने मोठा रंग, म्हणजे इस्पिक किंवा बदाम, विचारण्याची स्टेमन पद्धत आली, १९५० च्या दशकात ट्रान्सफर, म्हणजे आपला लांब रंग भिडूकडून बोलवून घेणाऱ्या बोली, आल्या. कालांतराने खेळाडूंनी हेच सारे ओव्हरकॉलच्या नोट्रम्पनंतरही चालू ठेवले. म्हणजे चार इस्पिक आता लपत नाहीत. शिकवण मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच पाठ करून घेतली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण तिची किंमत दुबळा भिडू मोजतो. त्याच्याकडे तीन बारकी इस्पिक आणि चार बारकी चौकट असली, की डबलनंतर त्याला दोन चौकट म्हणावे लागते, आणि वरचा आपला ४-३-३-३ हात डमी (टेबलावर उघडा मांडलेला हात) म्हणून खाली येतो. एकही तोकडा रंग नाही, म्हणून हुकमाने मारायला काही नाही. उलट बदामचा राजा बहुधा उजवीकडे, आपल्या एक्का-राणीच्या तावडीत. डावीकडून बदामची उतारी आली की दोन हात आपले.

आता याच हातातली बदामची राणी काढा आणि तिच्या जागी चौकटची राणी ठेवा. पॉइंट १६ च राहिले. पण बदामचे एक्का-तिर्री उरले: एकच स्टॉपर (त्यांचा रंग रोखणारे पान), तोही पहिल्या-दुसऱ्या फेरीत जाणारा. आणि तिन्ही रंगांना आधार देणारी ४-२-४-३ ची वाटणी. हा हात डबलचा. एका पानाने बोली बदलते. इस्पिक दोन्ही हातांत चारच होते.

नोट्रम्पवाल्यांनी धोकाही मान्य करायला हवा. ओपनरकडे (पहिली बोली करणाऱ्याकडे) १२ आणि आपल्याकडे १६ धरले तर उरतात १२, आणि त्यांतले ९ डावीकडे असले तर तो एक नोट्रम्पला निःशंक डबल देतो. व्हल्नरेबल (दंड वाढलेल्या स्थितीत) असताना एक हात पडला तर दंड २००, दोन पडले तर ५००.

नावाचाही घोळ आहे. टेकआउट डबलला ऑक्शनच्या काळात ‘इन्फॉर्मेटरी’ म्हणत, तसेच ‘निगेटिव्ह’ही म्हणत. १९५७ मध्ये ओव्हरकॉलनंतर ओपनरच्या भिडूने द्यायची एक नवी डबल निघाली. ती त्याच वर्षी उडालेल्या उपग्रहावरून स्पुटनिक म्हणून गाजली, आणि ‘निगेटिव्ह’ हे नाव पुढे तिच्याकडे गेले. त्यामुळे जुने लेखन वाचताना निगेटिव्ह डबल म्हणजे कोणाची डबल, हे आधी पाहावे लागते.

पाच पानी मोठ्या रंगांची ओपनिंग पसरल्यावर नोट्रम्पची बाजू एकीकडे जड झाली, एकीकडे हलकी. समोर पाच बदाम नक्की आहेत म्हटल्यावर एकेरी स्टॉपरवरचा भरवसा कमी झाला, दुहेरीचे मोल वाढले. पेअर्स स्पर्धांत, जिथे तेच हात खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते, तर दहा गुणांचा फरकही लागतो: एक नोट्रम्प बोलून आठ हात केले तर १२०, दोन इस्पिक बोलून तेवढेच केले तर ११०. इस्पिकमध्ये नववा हात मिळाला तर मात्र १४०, आणि तो ४-३-३-३ च्या हातात सहसा मिळत नाही.

हे सगळे ओपनरच्या लगेच नंतर बोलणाऱ्यासाठी. एक बदामनंतर दोन पास होऊन बोली आपल्याकडे आली, तर एक नोट्रम्पचा अर्थ साधारण ११ ते १४ पॉइंट इतका उतरतो. तिथे सुरुवातीचा तोच १६ पॉइंटचा हात, बदामच्या एक्का-राणीसकट, आधी डबल देतो आणि नोट्रम्प पुढच्या फेरीत बोलतो.