शाळेतला मानसशास्त्रज्ञ नेमके काय करतो?

फिलाडेल्फिया शहरातील एका शिक्षिकेने १८९६ साली आपल्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे नेले, कारण काही केल्या त्या मुलाला शब्दांचे स्पेलिंग जमत नव्हते. विटमर यांना तपासणीत त्याच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा देऊनही मूळ अडचण राहिलीच, तेव्हा त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवण्यास सुरुवात झाली. शालेय मानसशास्त्राचा आरंभ बहुधा याच प्रसंगापासून मोजतात. शिक्षिकेची शंका, मग शारीरिक कारणांचा शोध आणि त्यानंतर शिकवण्यात बदल हा तेव्हाचा क्रम आजही बदललेला नाही.

मराठी शाळेत हेच काम कसे दिसते ते पाहू. तिसरीतले एखादे मूल वाचताना काना-मात्रा गाळते, वेलांट्यांत गोंधळते, जोडाक्षर आले की थबकते आणि रफार असलेला शब्द पहिल्या अक्षरावरून अंदाजाने म्हणून टाकते. वर्गात त्याची नोंद ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘आळशी आहे’ अशी होते. प्रत्यक्षात या एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. मुलाला नीट ऐकू येत नसेल, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गेल्यामुळे त्याची शाळा महिनोन्‌महिने बुडाली असेल, घरी पावरी किंवा कन्नड बोलली जात असल्याने प्रमाण मराठीच त्याला नवी असेल, किंवा बुद्धी सर्वसाधारण असूनही त्याला वाचनाची विशिष्ट अक्षमता असेल. या कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. कारण न शोधता सर्वांना सारखीच जादा शिकवणी लावली, तर काहींचा केवळ वेळ आणि उत्साह वाया जातो.

वाचनाच्या अक्षमतेत बहुतेक वेळा मुळाशी ध्वनींची जाण कच्ची असते. ‘कमळ’ या शब्दातला पहिला ‘क’ काढला तर काय उरते, असे विचारले की इतर मुले ‘मळ’ म्हणून मोकळी होतात. या मुलाला मात्र शब्दाचे असे तुकडे मनातल्या मनात करता येत नाहीत. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्यामुळे अशी मुले पुढे मराठी बऱ्यापैकी अचूक वाचूही लागतात, पण फार संथपणे. इंग्रजीत तीच मुले पावलोपावली चुकतात, आणि मग दोष इंग्रजी माध्यमाला दिला जातो. म्हणून मूल शिकत असलेल्या प्रत्येक भाषेत तपासणी होणे आवश्यक असते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनाची अक्षमता ओळखण्यासाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत उपलब्ध झाली, ही त्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

वर्तनाच्या तक्रारींतही हीच शोधक दृष्टी उपयोगी पडते. वाचनाची पाळी जवळ आली की एखादा मुलगा शेजाऱ्याला चिमटा काढतो आणि बाई त्याला वर्गाबाहेर उभे करतात. बाईंच्या दृष्टीने ती शिक्षा असते, मुलाच्या दृष्टीने मात्र ती सुटका असते, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी चिमटा पुन्हा ठरलेला. मानसशास्त्रज्ञ अशा वेळी काही दिवस मागच्या बाकावर बसून वर्तनाच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले एवढेच टिपतो. वाचायचा उतारा आदल्या दिवशी घरी दिला आणि वर्गात त्यातल्या दोनच ओळी वाचायला लावल्या, तर कधी कधी उपदेशाचा एकही शब्द न बोलता तक्रार कमी होते. वरकरणी हे किरकोळ वाटेल, परंतु मला या व्यवसायाचे सर्वात मोठे मोल याच कामात दिसते, कारण ‘या मुलात काय बिघडले आहे’ हा प्रश्न बाजूला पडून ‘या वर्गात या मुलाचे काय होते आहे’ हा प्रश्न पुढे येतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाच्या हाती असते.

शिक्षकाला एकदा उमगलेली गोष्ट पुढच्या प्रत्येक तुकडीच्या उपयोगी पडते, त्यामुळे शिक्षकांसोबत केलेल्या कामाचा लाभ अडचण असलेल्या मुलांपुरता उरत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याचे चांगले उदाहरण आहे. काहींनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावावे, ही सूचना अमलात आणायला शाळेला काहीही खर्च येत नाही. भावना ओळखणे, त्या आवरणे आणि भांडण मिटवणे अशी कौशल्ये शाळेत शिकवण्याबाबतही भक्कम पुरावा आहे. अशा २१३ उपक्रमांचा, म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात या मुलांची अभ्यासातली कामगिरीही इतरांच्या तुलनेत ११ शततमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे ११ जागांनी, उंचावलेली आढळली.

या क्षेत्राला एक काळी बाजूही आहे. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली ती कोणत्या मुलांना विशेष मदत लागेल हे ओळखण्यासाठी, आणि बुद्धी कायमची ठरलेली असते या समजुतीला त्यांचा ठाम विरोध होता. लंडनच्या शाळांसाठी १९१३ साली मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले गेलेले सिरिल बर्ट हे मात्र बुद्धी प्रामुख्याने आनुवंशिक असते या मताचे पुरस्कर्ते होते. १९७१ साली त्यांचे निधन झाल्यावर जुळ्या भावंडांविषयीची त्यांची आकडेवारीच संशयाच्या भोवऱ्यात सापडली. आपल्याकडे बिने यांची श्रेणी धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांच्यामुळे मराठी आणि कन्नड मुलांसाठी आली, आणि बिने-कामत कसोटी अजूनही वापरात आहे. जवळपास शतकापूर्वीच्या मुलांवरून बेतलेल्या कसोटीचा अंक आजच्या मुलाच्या कपाळी चिकटवताना हात थोडा थरथरायला हवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीला, दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत स्थान दिले, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्या हव्यातच. परंतु दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात रांग लागते, तेव्हा वाचन सुधारण्याची सर्वात अनुकूल वर्षे निघून गेलेली असतात. इंग्लंडमध्येही २०१४च्या कायद्यानुसार विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी आखल्या जाणाऱ्या मदतीच्या योजनेसाठी मानसशास्त्रज्ञाचा अभिप्राय बंधनकारक आहे, आणि या अहवालांच्या ओझ्याखाली प्रतिबंधात्मक कामाला वेळ उरत नाही अशी तिथल्या मानसशास्त्रज्ञांची तक्रार असते. अमेरिकेतील व्यावसायिक संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी शिफारस करते. आपल्या जिल्हा परिषद शाळांसाठी ते प्रमाण आज स्वप्नवतच आहे.

तेव्हा चार-पाच शाळांत मिळून एकच मानसशास्त्रज्ञ असेल आणि प्रत्येक शाळेच्या वाट्याला आठवड्याचा एक दिवस येणार असेल, तर त्या दिवसाची सकाळ दुसरी-तिसरीच्या वर्गात मुलांचे वाचन ऐकण्यात, दुपार शिक्षकांबरोबर आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ पालकांबरोबर जावा, आणि नववी-दहावीच्या प्रमाणपत्रांचे काम त्यातून उरलेल्या वेळात व्हावे. तपासणीचा मूळ अहवाल कुलपात राहावा. वर्गशिक्षकाच्या हाती बुद्ध्यंक न देता या मुलाला पुढचे सहा आठवडे काय आणि कसे शिकवायचे याचे पानभर टिपण द्यावे, आणि सहा आठवड्यांनी मुलाचे वाचन पुन्हा ऐकून ते टिपण बदलावे.