‘पाहिलेले 30 टक्के लक्षात राहते’: एक खुलासा

वाचलेले 10, ऐकलेले 20 आणि पाहिलेले 30 टक्के लक्षात राहते, म्हणून विज्ञानाची संकल्पना आकृतीत दाखवली की पुरे, असा संदेश शिक्षकांच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो. त्यासाठी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या ‘अनुभवांच्या शंकू’चा, म्हणजे शिकण्याचे अनुभव शंकूच्या आकारात मांडणाऱ्या आकृतीचा, आधार दिला जातो; पण तिच्या 1946 मधील मूळ रूपात टक्केवारी नव्हतीच; शिवाय काय वाचले आणि किती दिवसांनी विचारले, हे न सांगता असा आकडा निघू शकत नाही.

संकल्पना-चित्र, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातील संबंध बाणांनी दाखवणारी आकृती, उपयोगी पडते, ते विद्यार्थी त्यातील संबंध स्वतः जोडतो तेव्हा. कोल्हापुरातील सातवीच्या वर्गात पडताळून पाहता येईल: रंकाळा तलावातील शेवाळ, कीटक, मासा, बगळा ही अन्नसाखळी एका तुकडीला फळ्यावरून उतरवू द्यावी, दुसरीला बाण स्वतः काढू द्यावेत आणि आठवड्याने दोन्हींना कोऱ्या कागदावर ती काढायला सांगावी. बाण भक्ष्याकडून भक्षकाकडे जायला हवा. अनेक मुले तो उलटा काढतात, आणि उतरवलेल्या आकृतीत ही चूक दिसतच नाही.