चिकित्सक आवृत्ती (महाभारताची)

एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या ताडून, पुराव्याच्या आधारे जितके मागे जाता येईल तितकी जुनी संहिता सिद्ध करणे आणि गाळलेले पाठ (पोथीतील शब्दरूपे) टीपांत जपणे, या पद्धतीने तयार झालेली आवृत्ती. भारतातील सर्वांत मोठा असा प्रयत्न पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झाला. १९१९ मध्ये काम सुरू झाले. १९२५ पासून वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक होते. त्यांच्या निधनानंतर (१९४३) श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांनी ते १९६६ मध्ये तडीस नेले.

पहिली पायरी पाठमेलनाची. चौकटी आखलेल्या कागदावर श्लोक लिहीत, एका चौकटीत एकच अक्षर. खाली प्रत्येक पोथीचा वेगळा पाठ त्या-त्या अक्षराखाली मांडला जाई; लांबलचक भर ‘शोधपत्रां’वर स्वतंत्र उतरवीत. पुण्याखेरीज तंजावर व शांतिनिकेतन येथेही हे काम चाले. मग लिपीनुसार पोथ्यांचे गट पाडून उत्तरेची व दक्षिणेची वाचना (ग्रंथाची प्रादेशिक परंपरा) ठरवली गेली. काश्मीरची शारदा व केरळची मल्याळम यांसारख्या लिप्यांतील दूरच्या शाखा जुळल्या की तो पाठ जुना समजावा, हा मुख्य निकष. संशयास्पद पाठाखाली नागमोडी रेघ असते. उदाहरणार्थ, वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा टीपेत गेला. एकामागून एक वस्त्रे प्रकटण्याचा श्लोक मात्र संहितेत राहिला.

ही संहिता मूळ महाभारत म्हणावी काय, हा जुना वाद आहे. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांचा कल टीकाकार नीलकंठाची प्रचलित संहिता छापून त्याखाली पाठभेद देण्याकडे होता. पुढे फ्रेंच अभ्यासक मादलेन बियार्दो यांनी मौखिक परंपरेला एकच मूळ मानण्यावरच आक्षेप घेतला. तो वजनदार आहे. तथापि सुकथनकरांचा दावा उपलब्ध पोथ्यांतून गाठता येणाऱ्या सर्वांत जुन्या रूपापुरताच होता, आणि पोथ्या बहुतांशी सोळाव्या शतकानंतरच्या असल्याने ही मर्यादा रास्त वाटते. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाल्यावर नेपाळातून आलेल्या एका जुन्या पोथीने त्यांचे अनेक निर्णय उचलून धरले, हे विशेष. प्रक्षिप्त (मागाहून घातलेला) ठरलेला मजकूरही तारांकित टीपांत व परिशिष्टांत शाबूत असल्याने असहमत वाचकाला संपादकांचा निर्णय स्वतः तपासता येतो.

पुढे महाभारताची पुरवणी मानल्या जाणाऱ्या हरिवंशाची आवृत्ती आणि श्लोकपादांची (श्लोकांच्या चरणांची) सूचीही प्रसिद्ध झाली.