पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू होण्यास अडखळणे : दोषनिदान

इंधन-इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांमधला हा एक ठरावीक बिघाड आहे. टाकी भरल्यानंतरच्या पहिल्याच स्टार्टला सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन उचल घेत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते कसेबसे सुरू होते, काही क्षण थडथडते, पेट्रोलचा वास येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळे सुरळीत होते. हीच गाडी रात्रभर उभी राहून सकाळी मात्र झटक्यात सुरू होते. हा फरक निदानाचा सर्वांत मोठा धागा आहे. तो लक्षात न घेता बॅटरी, प्लग आणि पेट्रोल पंप बदलले जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. तो बहुतेक वेळा पर्ज व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या विजेच्या झडपेत, असतो.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून ती सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये, अडवली जाते. इंजिन तापल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) ओढीने ती वाफ इंजिनात जाऊन जळते. कॅनिस्टरला बाहेरची हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून मिळते. पर्ज व्हॉल्व्ह साधारणपणे इंजिनाजवळ इनटेकच्या नळीवर असतो. बहुतेक गाड्यांत तो वीज नसताना बंद राहतो. व्हेंट व्हॉल्व्ह बहुधा मागे, टाकीजवळ असतो आणि वीज नसताना उघडा राहतो. निदान करताना या दोघांची गल्लत करू नये.

टाकीत चाळीस लिटर पेट्रोल ओतले की जवळपास तेवढ्याच आकारमानाची वाफ आणि हवा बाहेर ढकलली जाते. पर्ज व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला असेल, तर त्यातली काही वाफ बंद इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसते. सेल्फ मारताना ईसीयू कूलंटच्या तापमानावरून पेट्रोल मोजून देतो. आधीच साचलेल्या वाफेचा त्याला पत्ता नसतो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने होणारी मिश्रणाची दुरुस्तीही स्टार्टच्या वेळी सुरू झालेली नसते. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण कोलमडते, मिश्रण फार रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते आणि प्लग ओले होतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थ्रॉटल उघडून जास्त हवा आत येते, म्हणून इंजिन पकडते. अनेक गाड्यांत पॅडल तळापर्यंत दाबून सेल्फ मारल्यास इंजेक्टर बंदच राहतात. ओले झालेले इंजिन सुकवायला ही सोय वापरावी. मात्र सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यावे.

तपासणी उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावी. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून पर्ज व्हॉल्व्हचा वायरचा कनेक्टर काढावा, मग कॅनिस्टरकडची नळी सोडवून त्या तोंडावर बोट ठेवावे. वीज नसताना तिथे ओढ जाणवली, तर व्हॉल्व्ह गळतो आहे. कनेक्टर न काढता ही चाचणी केली, तर तापलेल्या इंजिनावर चांगला व्हॉल्व्हही टकटक करत ओढ देतो आणि तो विनाकारण बदलला जातो. याउलट, १२ व्होल्ट दिल्यावर ‘टक्’ आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, असेही नाही: आवाजाने कॉइल चालते एवढेच कळते, व्हॉल्व्ह आतल्या बैठकीवर (मिटण्याच्या जागेवर) घट्ट बसतो की नाही ते नाही. खात्रीसाठी पुढच्या वेळी पेट्रोल भरण्याआधी व्हॉल्व्हची नळी सोडवून दोन्ही तोंडे बुचाने बंद करावीत. भरून झाल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर संशय खरा ठरला. चाचणी संपताच नळी परत जोडावी.

स्कॅनरवर पी०४९६ किंवा पी०४४१ हे पर्ज प्रवाहाचे कोड, किंवा रिच मिश्रणाचा पी०१७२ दिसू शकतो. काहीच कोड नसणेही नेहमीचे आहे. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली टक्क्यांतली वाढ किंवा घट, जास्त बोलका असतो. भरल्यानंतर आयडलवर तो बराच उणे गेला आणि नळी बंद करताच शून्याकडे आला, तर वाफ तिथूनच येते. कॅनिस्टर रिकामा असताना तोच अडकलेला व्हॉल्व्ह नुसती हवा ओढतो आणि ट्रिम उणेऐवजी अधिक (+) दिसतो, त्यामुळे एका आकड्यावर निकाल देऊ नये.

काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर ठोकून पाहावा. काळे कण पडले, तर कॅनिस्टरमधला कोळसा फुटून व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला आहे. अशा वेळी कॅनिस्टर बदलून नळ्या हवेने साफ कराव्या लागतात. नुसता नवा व्हॉल्व्ह लावला, तर तोही पुन्हा अडकतो. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल कोंबण्याची सवय कॅनिस्टरला घातक आहे. द्रव पेट्रोल कोळशात शिरते, वाफ शोषायला जागा उरत नाही आणि डबा जड लागतो. नोझल वारंवार मध्येच बंद होत असेल, तर व्हेंट व्हॉल्व्ह, त्याची जाळी किंवा भरणनळी तुंबली आहे का, ते पाहावे.

दोष भरण्याशी जोडलेला आहे की नुसत्या थांबण्याशी, हे वेगळे करणे आवश्यक आहे. पेट्रोल न भरता, तापलेले इंजिन तेवढाच वेळ बंद ठेवून सुरू करावे. तरीही अडखळले, तर गळका इंजेक्टर, चुकीचे तापमान सांगणारा कूलंट सेन्सर किंवा इंधनाच्या लाइनमध्ये न टिकणारा दाब शोधावा. पेट्रोलमध्ये पाणी असेल, तर त्रास बहुधा थोडे अंतर गेल्यावर सुरू होतो, कारण लाइनमध्ये आधीचे इंधन असते. शिवाय तो मिनिटभरात जात नाही. डिझेल गाडीत पर्जची ही यंत्रणा नसते. तिथे भरल्यावर अडचण आली, तर आधी चुकीचे इंधन पडले नाही ना, हे पाहावे आणि तशी शंका असेल तर पुन्हा सेल्फ मारू नये.

दुरुस्तीनंतर टाकी नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरून लगेच स्टार्ट तपासावा. वाफेच्या यंत्रणेची ईसीयूची स्वयंतपासणी मात्र बहुतेक गाड्यांत पूर्ण भरलेल्या टाकीवर चालत नाही. साधारण १५ ते ८५ टक्के इंधन असताना, थंड स्टार्टनंतर ती पूर्ण होते.