गर्भातली वाढ आणि लहान मुलांमधले हार्मोन : ‘लहान’ बाळाची रेघ कुणी, कुठे मारली

जन्मताना लहान असलेल्या मुलांमध्ये पुढे सहा-आठ वर्षांच्या वयात काही हार्मोन जास्त दिसतात हे आता बऱ्यापैकी मान्य झालंय, पण मागे जाऊन बघितलं तर या विषयाचा निम्मा इतिहास हार्मोनचा नाहीच, लहान कुणाला म्हणायचं या भांडणाचा आहे.

आधी सरसकट २५०० ग्रॅमचा आकडा होता. त्याच्या खालचं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं, मग ते सातव्या महिन्यात झालेलं असो नाहीतर पूर्ण दिवस भरून. १९६१ च्या सुमारास कमी वजन आणि अपुरे दिवस या दोन गोष्टी वेगळ्या धरायला लागले. मग १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमधून आठवड्यागणिक वजनाचे तक्ते आले आणि १९६७ पासून १० व्या पर्सेंटाइलखालचं, म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात हलक्या दहांमधलं, बाळ ते एसजीए, म्हणजे गर्भाच्या वयाच्या मानाने लहान, अशी वाटणी रुळली. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंचीवर आहे, एवढ्या उंचीवर बाळं मुळातच थोडी हलकी जन्मतात, तरीही तेच तक्ते पार सखल भागातसुद्धा वर्षानुवर्षं वापरले गेले.

१० वी रेघ नवजात बाळांच्या डॉक्टरांच्या सोयीची होती. अशा बाळाची साखर पहिल्या दोन-तीन दिवसांत घसरू शकते, त्यामुळे चार जास्त बाळांवर लक्ष ठेवलं तर बिघडत नाही. हार्मोनच्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता, त्यांना उंची वाढेल की नाही ते बघायचं होतं. २००१ च्या त्यांच्या बैठकीत रेघ एकदम खाली आली, वजन किंवा लांबी सरासरीपेक्षा २ स्टँडर्ड डेव्हिएशनने (एसडी, सरासरीपासूनचं अंतर मोजायचं माप) कमी. म्हणजे शंभरातल्या दहा बाळांऐवजी जेमतेम दोन-तीन. त्याच वर्षी अमेरिकेत, आणि २००३ ला युरोपात, उंची भरून न निघालेल्या अशा मुलांसाठी ग्रोथ हार्मोनला मंजुरी मिळाली. इंजेक्शन कुणाला द्यायचं ते ठरवताना रेघ कडक असणारच, ते समजतं. पण तीच रेघ संशोधनातही शिरली, आणि माझ्या मते खरा घोळ तिथे झाला, कारण एकाच नावाखाली कुणी १० व्या पर्सेंटाइलखालची मुलं मोजतोय आणि कुणी २ एसडीखालची, आणि मग दोघांचे हार्मोनचे आकडे शेजारी ठेवून जुळत नाहीत म्हणायचं.

शिवाय दोन्ही रेघा फक्त जन्माच्या दिवसाचं माप बघतात. आईवडीलच लहान चणीचे असतील तर पूर्ण दिवसांचं २४०० ग्रॅमचं बाळ अगदी ठणठणीत असू शकतं. आणि साडेतीन किलोपर्यंत जाऊ शकलं असतं असं एखादं बाळ शेवटच्या दोन महिन्यांत वाढ मंदावून २८०० ग्रॅमवर थांबतं, त्याला कुणी लहान म्हणत नाही, पण गर्भात खाणंपिणं कमी पडल्याचा परिणाम झालेला असतो याच्यावर.

हार्मोनच्या बाजूने महत्त्वाचं काम १९९८ मध्ये स्पेनमधून आलं. आठ वर्षांच्या आत जननेंद्रियाजवळ केस आलेल्या मुलींचं जन्मवजन कमी होतं आणि रक्तातलं इन्सुलिन जास्त होतं. त्या दवाखान्यात आलेल्या मुली होत्या, म्हणून बाकीच्यांना हे लागू होतं का ही शंका राहिली. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या सर्वसाधारण मुलामुलींवरचा अभ्यास आला. आठव्या वर्षी अॅड्रिनल ग्रंथीचे (ही मूत्रपिंडावर असते) अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी गुणांचे पण मुलींमध्येही असणारे हार्मोन, त्यात मुख्य डीएचईएएस, कमी जन्मवजनाच्या मुलांमध्ये जास्त होते, आणि सगळ्यात जास्त कुणात, तर जन्मताना लहान असून नंतर पहिल्या काही वर्षांत भराभर वजन वाढलेल्यांमध्ये. हा संबंध नॉर्मल जन्मवजनाच्या मुलांमध्येही सलग दिसत होता, रेघेपाशी काहीच बदलत नव्हतं! मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी झाली.

आयजीएफ-१ या वाढ घडवणाऱ्या हार्मोनचंही तसंच आहे, नुसत्या जन्मवजनावरून काही कळत नाही. लहान बाळाच्या नाळेच्या रक्तात ते कमी असतं, पण जन्मानंतर वाढ भरून काढताना वर चढतं, म्हणून मुलाचं वय आणि मधल्या काळातलं वजन सांगितल्याशिवाय नुसतं ‘एसजीएमध्ये आयजीएफ कमी की जास्त’ विचारून उत्तर मिळत नाही. ८५ ते ९० टक्के एसजीए मुलं दोन वर्षांपर्यंत उंची भरून काढतात, आणि इन्सुलिनचा त्रास जास्त दिसतो तो याच गटातल्या वजन झपाट्याने वाढलेल्या मुलांमध्ये, तर ग्रोथ हार्मोनचा सगळा वाद चालतो उरलेल्या १०-१५ टक्क्यांवर.

गर्भाच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये आपली व्याख्या बदलली, त्यात सोनोग्राफीतलं माप आधीच्या मापापेक्षा किती घसरलं आणि डॉप्लरमध्ये (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) रक्तप्रवाह कसा आहे हेही आलं. लहान मुलांच्या हार्मोनच्या अभ्यासांत मात्र अजून बहुतेक वेळा जन्मवजनाचा एकच आकडा घेतात.